डोळ्यापलीकडचा तपशील

सप्टेंबर २०१५मध्ये बर्लिनच्या आयफा प्रदर्शनात सोनीने एक्सपीरिया झेड५ प्रीमियम हा फोन मांडला. साडेपाच इंचांच्या पडद्यावर एका बाजूला ३८४० आणि दुसऱ्या बाजूला २१६० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. इंचाला ८०६. फोर-के पडदा असलेला जगातला हा पहिला स्मार्टफोन होता. पण निरोप वाचताना किंवा नकाशा बघताना हाच फोन फुल एचडीवर, म्हणजे पाव ठिपक्यांवर चालायचा. फोटो आणि व्हिडिओ उघडले की तेवढ्यापुरता पूर्ण तपशील बाहेर यायचा. पुढे २०१९च्या एक्सपीरिया १ने फोर-के पडद्याची परंपरा चालू ठेवली आणि २०२४च्या एक्सपीरिया १ सिक्सने ती सोडली. पडद्याची रुंदी पुन्हा १०८० ठिपक्यांवर आली.

एका मोठ्या कंपनीने नऊ वर्षं जपलेली गोष्ट खाली ठेवली, आणि बहुतेक लोकांच्या ते लक्षातही आलं नाही. यातून एक प्रश्न उरतो. एखादी गोष्ट समोर आहे, पण ती पाहण्याची ताकद डोळ्यात नाही. मग ती समोर असण्याला अर्थ किती? तंत्रज्ञ याचं उत्तर आकड्यांत देतात आणि ते आधी ऐकून घ्यायला हवं. पण हा प्रश्न फोनपेक्षा फार जुना आहे. भारतीय दर्शनांनी त्याचा कीस काढलेला आहे, आणि त्याचं दुसरं टोक थेट नीतीपर्यंत जातं.

नेत्रतज्ज्ञाच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता १८६२ साली नेदरलँड्सच्या हेर्मान स्नेलेन यांनी तयार केला. त्या तक्त्यावर ज्याची दृष्टी ६/६ भरते, त्याला कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. फोन डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर हा साठावा भाग पडद्यावर मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढा होतो. म्हणजे इंचाला साधारण २९० ठिपके. त्याहून दाट ठिपके या डोळ्याला सुटे दिसत नाहीत. स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० साली आयफोन ४ दाखवताना याच हिशेबाचा आधार घेतला होता. त्या फोनच्या पडद्यावर इंचाला ३२६ ठिपके होते.

ही मर्यादा काही अभ्यासकांना तेव्हाच तोकडी वाटली, आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी २०२५मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार, समोर पाहताना काळ्या-पांढऱ्या रेघांसाठी डोळा एका अंशात सरासरी ९४ ठिपके ओळखतो. लाल-हिरव्या फरकासाठी ८९ आणि पिवळ्या-जांभळ्या फरकासाठी अवघे ५३. हा कडक निकष लावला तरी चित्र फारसं बदलत नाही. साडेसहा इंची फोनवर फुल एचडी म्हणजे इंचाला सुमारे ४००. हात किंचित लांब करून फोन ३५ सेंटीमीटरवर नेला, की डोळ्याची गरज तेवढ्यात भागते. फोर-के म्हणजे इंचाला ८००च्या पुढे. ते ठिपके वेगळे दिसावेत तर फोन सतरा सेंटीमीटरवर, एका वितेपेक्षाही जवळ आणावा लागेल. ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांना एवढ्या जवळचं मुळात स्पष्टच दिसत नाही.

यात आणखी एक मेख आहे. डोळ्याच्या पडद्यावर तीक्ष्ण दिसणारा भाग फार छोटा असतो, साधारण दोन अंशांचा. ३० सेंटीमीटरवर धरलेल्या फोनवर तो जेमतेम एक सेंटीमीटर व्यापतो. उरलेलं चित्र पुसट असतं आणि नजर भराभर फिरवून मन ते जुळवून घेतं. प्रत्येक डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या वर, पण मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे धागे सुमारे दहा लाख. पाहण्याच्या कामात निवड आणि गाळणी पहिल्या पायरीपासूनच चालू असते.

आता ईश्वरकृष्णाकडे वळू. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास त्याने लिहिलेल्या सांख्यकारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं एका कारिकेत मोजून दाखवली आहेत. वस्तू फार दूर असते किंवा फार जवळ. इंद्रियच अधू असतं. मन थाऱ्यावर नसतं. वस्तू अतिसूक्ष्म असते. मध्ये आडोसा येतो. दुसरं काही तिला झाकोळून टाकतं. किंवा ती आपल्यासारख्याच वस्तूंत मिसळून जाते. टीकाकारांनी प्रत्येक कारणाला उदाहरण दिलं आहे: उंच उडालेला पक्षी, डोळ्यातलंच काजळ, भिंतीमागची वस्तू, दिवसा सूर्यामुळे न दिसणाऱ्या चांदण्या, मुगाच्या राशीत पडलेला मुगाचा दाणा.

फोनवरच्या फोर-के चित्राला ही यादी इतकी नेमकी लागू पडते की थक्क व्हायला होतं. ठिपके अतिसूक्ष्म आहेत. शेजारी तसेच लाखो ठिपके आहेत. बसथांब्यावर भर दुपारी पडद्यावर ऊन पडतं तेव्हा गडद दृश्यांतला तपशील झाकोळला जातो. आणि मन? चित्रपट चालू असताना वर निरोपांच्या पट्ट्या उतरत असतात, बोट पुढच्या व्हिडिओकडे सरकत असतं. आठांपैकी याच एका कारणावर कोणत्याही कारखान्यात इलाज होत नाही. पडदा दुप्पट दाट केला तरी मनाचं अस्थैर्य तेवढंच राहतं.

ईश्वरकृष्ण मात्र ही यादी भलत्याच कारणासाठी देतो. दिसत नाही म्हणून वस्तू नाहीच, या अनुमानाला त्याला अडवायचं आहे. मूळ प्रकृती सूक्ष्म असल्याने दिसत नाही, पण तिच्या कार्यांवरून ती कळते, असं त्याचं पुढचं म्हणणं. हा मुद्दा इथे कळीचा आहे. न दिसणारे ठिपकेही कार्यावरून कळतातच. फोन तापतो, बॅटरी उतरते, डेटा संपतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशेबात एचडीला तासाला जास्तीत जास्त ३ जीबी आणि अल्ट्रा एचडीला ७ जीबी लागतात. रोज २ जीबीचा पॅक असलेल्या माणसाचा दिवसाचा वाटा या वेगाने सतरा मिनिटांत संपेल. तपशील डोळ्याला जाणवला नाही तरी त्याचा खर्च सगळीकडे जाणवतो.

इथे एका प्रामाणिक आक्षेपाला जागा द्यायला हवी. फुल एचडी पडद्याच्या फोनवरही यूट्यूबचं १०८० आणि २१६० ताडून पाहणारे अनेकजण म्हणतात की फरक दिसतो. त्यांचा भ्रम आहे, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. फरक असतो, फक्त तो ठिपक्यांचा नसतो. व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान केलेला असतो आणि दाबताना रंगाची माहिती निम्म्या रुंदीवर, निम्म्या उंचीवर आणलेली असते. फोर-के प्रवाहाला सेकंदाला जास्त माहिती मिळते. ती फोनमध्ये आकसून फुल एचडी झाली की रंगांच्या कडा स्वच्छ होतात आणि धावत्या गर्दीतले, पावसातले, धुरातले चौकोन कमी होतात. याचा अर्थ असा की प्रेक्षकाला हवी असलेली गोष्ट १०८०च्या चित्रालाच थोडी अधिक माहिती देऊन बरीचशी साधता येते. चांगल्या एचडीआर चित्रातली उजेड-अंधाराची खोलीही लहान पडद्यावर चटकन जाणवते. जास्त ठिपके हा दर्जाचा सर्वांत सोपा, मोजून सांगता येणारा आकडा आहे. म्हणून जाहिरातीत तोच पुढे येतो.

पण समजा, फरक खरोखरच शून्य आहे. तरीही न दिसणारा तपशील वाया गेला असं म्हणता येईल का? धर्माच्या इतिहासाचं उत्तर चटकन ‘हो’ असं येत नाही.

एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. विटांच्या राशीच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग पाषाणाचा आणि स्फटिकाचा, आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या काही खापऱ्या होत्या; त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असल्याची श्रद्धा. भोवती सोन्याची फुलं आणि धातूच्या आठ लहान मूर्ती. ज्यांनी हे घडवलं, त्यांनी ते माणसाच्या डोळ्यांसाठी घडवलं नव्हतं. स्तूप बंद झाला की ते कोणालाही दिसणार नव्हतं, आणि तरीही कुठे हात आखडता घेतलेला नाही. श्रद्धावान कारागिराच्या लेखी दिसणं ही मोलाची अट नव्हती.

ही उंची मान्य करूनच फोनकडे परत यायला हवं. सोपाऱ्याचा ऐवज एकदाच अर्पण झाला आणि शतकानुशतकं जागेवर राहिला. प्रवाहातून येणारा तपशील क्षणभरही राहत नाही. फुल एचडी पडद्याच्या फोनवर फोर-के प्रवाह येतो तेव्हा फोन प्रत्येक चित्र पूर्ण उलगडतो, चार ठिपक्यांचा एक करतो आणि पुढचं चित्र घेतो. सेकंदाला चोवीस किंवा अधिक वेळा हेच. तो तपशील कोणाला वाहिलेला नसतो, कुठे साठत नाही, पाहिलाही जात नाही.

याउलट, चित्रण करताना आणि जतन करताना फोर-के लागतं, यावर वाद घालण्याचं कारण नाही. १९९३ साली लंडनमधल्या एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागली आणि ‘पथेर पांचाली’सह सत्यजित राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हज होरपळल्या. पुढे बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी त्या जळक्या, ठिसूळ रिळांतून जे वाचवता आलं ते वाचवलं, फोर-केमध्ये उतरवलं आणि २०१५ साली चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. तिथे एकेक ठिपका मोलाचा होता, कारण तो पुढच्या पिढ्यांसाठी, आजपेक्षा मोठ्या पडद्यांसाठी आणि आजपेक्षा चिकित्सक डोळ्यांसाठी होता. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ही अशाच जतनानंतर २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मूळ प्रत शक्य तितकी संपन्न असावी. ती बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर त्याच संपन्नतेने उतरलीच पाहिजे, हा आग्रह त्यातून निघत नाही.

निघाला तर त्याची किंमत कोण देतो? इथे प्रश्न नीतीचा होतो.

१९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. ती पत्रं पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून छापली गेली. अस्तेयाबद्दल लिहिताना त्यांनी चोरीची व्याख्या फार रुंद केली. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं ही चोरी आहेच. पण गरज नसलेली वस्तू मालकाच्या परवानगीने घेणं, हीसुद्धा त्यांच्या लेखी चोरी होती. पतंजलीने यमांत अस्तेय आणि अपरिग्रह ही दोन वेगळी व्रतं ठेवली. गांधीजींनी त्यांच्यातली भिंत जवळजवळ काढून टाकली.

पैसे भरून घेतलेल्या डेटाला हे लागू होतं का? होतं, कारण तो डेटा ज्या लहरींवरून येतो त्या कोणाच्या खाजगी नाहीत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं होतं. मोबाइल टॉवरच्या एका बाजूला जे काही वाहून नेण्याची ताकद असते, ती त्या क्षणी तिथे असलेल्या सगळ्या फोनांत वाटली जाते. टॉवरपासून दूर, भिंतीआड बसलेल्याला तोच व्हिडिओ पाठवायला टॉवरला जास्त वेळ द्यावा लागतो. गर्दीच्या वेळी दादर स्थानकात एकाने मागितलेला अनावश्यक फोर-के प्रवाह दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून येतो. पॅकचे पैसे भरल्याने हा हिशेब बदलत नाही. ही तक्रार घरच्या वाय-फायला तितकी लागू होत नाही, आणि रात्री रिकाम्या टॉवरखाली बसलेल्यालाही नाही. व्रताला प्रसंग कळावा लागतो.

मार्च २०२०मध्ये हाच हिशेब देशांना जाहीरपणे मांडावा लागला. सगळे घरात अडकले, शाळा आणि कचेऱ्या जाळ्यावर आल्या. युरोपीय आयोगाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी विनंती केली आणि नेटफ्लिक्सने युरोपात ३० दिवसांसाठी माहितीचा भार सुमारे २५ टक्के उतरवला. भारतात प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइल जाळ्यांवर चित्र ४८०पुरतंच ठेवायचं ठरवलं. त्यासाठी कायदा करावा लागला नाही, आणि त्या दिवसांत फोनवरच्या चित्रात काही राहिलं म्हणून कोणाच्या पाहण्याचं फार अडलं नाही.

पर्यावरणाचा दाखला मात्र जपून द्यायला हवा. व्हिडिओ पाहण्याने पृथ्वी तापते अशा मथळ्यांमागचे काही आकडे चुकीचे निघाले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२०च्या पडताळणीनुसार तासभर व्हिडिओमागे सरासरी सुमारे ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो, आणि ५० इंची टीव्ही फोनच्या जवळपास शंभरपट वीज खातो. जाळ्याची वीज माहितीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. फोनवर पाहणाऱ्याला अपराधी ठरवण्याइतका हा मुद्दा भक्कम नाही. वाटणीचा मुद्दा त्याहून कितीतरी भक्कम आहे.

आणि वाटणी म्हटली की पंढरपूर आठवणं अपरिहार्य आहे. तिथे विठ्ठलाच्या भेटीचे प्रकार आहेत: तासन्‌तास रांगेत उभं राहून पायांवर डोकं ठेवण्याचं पदस्पर्शदर्शन, थोड्या अंतरावरचं मुखदर्शन, आणि आषाढीच्या गर्दीत तेही न जमलं तर नामदेव पायरीला हात लावून कळसाला जोडलेले हात. शेकडो किलोमीटर चालून आलेला वारकरी कळस पाहून परत फिरतो आणि वारी पोचली असं मानतो. आता मंदिरांची थेट दृश्यं फोनवरही येतात. परगावच्या खोलीत, रुग्णालयात, परदेशात कोणी ती पाहतं. चित्र थबकतं, मूर्तीचा चेहरा पुसट होतो आणि तरी हात जोडले जातात. ज्या परंपरेत कळसही पुरतो, तिथे ठिपक्यांच्या संख्येवर श्रद्धेचं काही अडत नाही. अखंडपणावर मात्र अडतं. आरतीच्या ऐन क्षणी चित्र गोठलं की मन विस्कटतं. चांगल्या ७२०चं सलग चित्र आणि अडखळणारं फोर-के यांत भाविक काय निवडेल, हे सांगायला संशोधन लागत नाही.

पण त्याच मंदिराच्या महाद्वाराबाहेर संत चोखोबांची समाधी आहे. जन्माने ठरवलेल्या जातीमुळे त्यांना आत पाऊल टाकता आलं नाही. त्यांच्या वाट्याला कळस आला तो गर्दीमुळे नव्हे, तर मनाईमुळे. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा ते दार हरिजनांना उघडलं. पाहण्याच्या प्रश्नात महाराष्ट्राने लढलेली सर्वांत मोठी लढाई ही होती. मूर्ती किती स्पष्ट दिसते यावर ती लढली गेली नाही. कोण पाहू शकतं आणि कोण नाही, हा तिचा विषय होता.

फोनच्या पडद्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. २०२३चं आयपीएल जिओसिनेमाने फुकट आणि फोर-केमध्ये दाखवलं. अंतिम सामना एका वेळी पाहणारे ३ कोटी २० लाखांवर गेले. त्याच प्रक्षेपणात मराठीसह बारा भाषांत समालोचन होतं. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या प्रेक्षकासाठी यातली कोणती देणगी मोठी होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. भाषेने सामना त्याच्या घरात आला. चारपट ठिपके त्याच्या हातातल्या फोनपर्यंत येऊन तिथेच मिटले.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना अनेक मराठी चित्रपट आणि मालिका आजही मराठी उपशीर्षकांविना पाहाव्या लागतात. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी दोन संवादांच्या मधल्या शांततेत पडद्यावर काय घडतं आहे ते सांगणारा आवाज आणखी दुर्मीळ आहे. दोन तासांच्या चित्रपटाच्या उपशीर्षकांची फाइल साधारण शंभर किलोबाइटची असते. तोच चित्रपट अल्ट्रा एचडीत पाठवायला चौदा जीबीपर्यंत माहिती लागते. म्हणजे एका फोर-के प्रवाहात लाखाहून जास्त चित्रपटांची उपशीर्षकं मावतील. ती लिहिण्यासाठी जाळं वाढवावं लागत नाही. भाषा जाणणारी माणसं बसवावी लागतात आणि त्यांना मेहनताना द्यावा लागतो.